साडेचार ते पाच

आमच्या कट्ट्यावर पंधरा वर्षं एकच विषय होता, आणि तो म्हणजे आमचे नवरे. बाकीचे विषय यायचे नाहीत असं नाही. गुडघे, सुना, भाजीचे भाव, कर्वेनगरला आज पाणी किती वाजता येणार, सगळं यायचं. पण ते थोडा वेळ टेकून निघून जायचं. मुक्कामाला असायचे ते नवरेच.

कट्टा म्हणजे सोसायटीच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून बांधलेला सिमेंटचा ओटा. रोज संध्याकाळी पाच वाजता आम्ही चौघी तिथे: मी, बाई, भाभी आणि आक्का. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. गणित शिकवायच्या, आणि बोलायच्याही मोजूनच, टोचेल एवढंच. भाभीच्या घरच्यांचं कसबा पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान, सासऱ्यांच्याही आधीपासूनचं. आणि आक्का मूळची इथलीच. आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे तिच्या सासऱ्यांची ज्वारी असायची. जमीन दिली तेव्हा फ्लॅट मिळाले, त्यातल्या एकात ती राहायची. आमच्यात इतकी वर्षं बसूनही तिनं आपली भाषा काही सोडली नाही.

"आमच्या येड्यानं आज काय केलं म्हाईत हाय का?" अशी तिची सुरुवात असायची. तिचा नवरा रोज सकाळी पार्किंगमध्ये, पूर्वी त्यांची विहीर होती नेमक्या त्या जागी जाऊन उभा राहायचा, आणि लोकांना गाड्या काढता यायच्या नाहीत. मग भाभी सुरू व्हायची. "अख्ख्या कसब्याची घड्याळं आमचे साहेब चालवतात, आणि आमच्या स्वयंपाकघरातलं गेली दोन वर्षं सव्वादहावर थांबलंय. नमाजाची वेळ कधी चुकत नाही, पण घड्याळात सेल घालायची वेळ काही येत नाही." बाईंचे यजमान प्राध्यापक. त्यांना मेथी आणायला पाठवलं की ते शेपू आणायचे. बाई शांतपणे म्हणायच्या, "डॉक्टरेट आहे. पण पालेभाज्या विषयात नव्हत्या."

माझी तक्रार ठरलेली. आमचे हे बाहेरच्या खोलीत बसून कुकरच्या शिट्ट्या मोजायचे आणि तिथून ओरडायचे, "तीन झाल्या!" अरे, माझे कान काय मी गहाण टाकलेत? रोज नव्या रागानं मी ते सांगायचे आणि रोज त्या तिघी तितक्याच हसायच्या. खरं सांगायचं तर राग वगैरे काही नसायचा. दुपारी पडल्या पडल्या, आज ह्यांचं काय सांगायचं याची मी जुळवाजुळव करायचे आणि त्यात माझा वेळ फार छान जायचा.

कार्तिक संपता संपता हे गेले. सकाळी, घरातच, खुर्चीत बसल्या बसल्या. सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

मला रडू आलं नाही. सगळे म्हणाले, धक्का बसलाय, येईल हळूहळू. नाही आलं. बंगळूरहून मुलगी आली, माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तिच्या खांद्यावरून गॅसवरच्या दुधाकडे बघत होते. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की आपलाच गाल आपल्याला लागत नाही ना, तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं. जेवत होते, झोपत होते, दारावर आलेल्यांना चहा करत होते. पंधरा दिवसांनी मुलगी परत गेली, तेव्हाही मी दार लावून घेतलं आणि केर काढला.

महिन्याभरानं मी कट्ट्यावर गेले. तिघींनी मला मध्ये बसवलं. भाभीनं पाठीवर हात ठेवला. मग मिरचीच्या लोणच्याचा विषय निघाला. तो संपल्यावर भाभीनं नातवाला कात्रजला साप दाखवायला नेलं होतं ते सांगितलं, आणि सापांवर आम्ही अर्धा तास काढला. दुसऱ्या दिवशी तिळाची चटणी. तिसऱ्या दिवशी टीव्हीवरची मालिका, जी आमच्यापैकी एकही जणी धड बघत नव्हती. चौथ्या दिवशी भाभी म्हणाली, "काल आमचे साहेब ना," आणि बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेली नजर ती. भाभी लगेच तिळाच्या चटणीवर परत आली.

तेव्हा मला कळलं. माझ्यासाठी पथ्य चाललं होतं. जिचा नवरा राहिला नाही तिच्यासमोर आपल्या नवऱ्याचं रडगाणं कसं गायचं, म्हणून. चांगल्या मनानंच चाललं होतं, त्यात काही वाद नाही. पण मला त्या सगळ्या बधिरपणात एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी आपल्या नवऱ्याला नावं ठेवावीत आणि मी ती ऐकत बसावं. बाकी कशाची इच्छाच होत नव्हती. जेवणाची नाही, टीव्हीची नाही, मुलीच्या फोनचीसुद्धा नाही. ती कट्ट्यावरची माझी जागा मला परत हवी होती, आणि तेच मागता येत नव्हतं. काय म्हणून मागणार? की बायांनो, जरा कुरकुर करा?

फाल्गुनात एकदा टाकी धुवायला माणसं येणार होती. पंपाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची, म्हणून मी पावणेपाचलाच खाली उतरले. कोपऱ्यावर पोचायच्या आधी हसणं ऐकू आलं. आमचं जुनं हसणं, पोट धरून हसायचं ते. आक्का म्हणत होती, "मी म्हनलं, उभाच ऱ्हा तिथं, तुझ्या अंगावर नंबर टाकत्यात, पार्किंगचा!" आणि बाईसुद्धा, बाई, मोठ्यानं हसत होत्या.

मी वळले आणि सगळं थांबलं.

"अगं, आज लवकर?" भाभी म्हणाली.

"किल्ली द्यायची होती."

ओट्यावर चहाचे रिकामे पेले होते आणि चिवड्याची बशी जवळजवळ संपलेली. आत्ता येऊन बसलेल्या नव्हत्या त्या.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या गॅलरीत उभी राहिले. बरोबर साडेचारला तिघी आल्या. साडेचार ते पाच त्यांनी नवऱ्यांची यथेच्छ हजेरी घेतली. शब्द ऐकू येत नव्हते, पण हातवारे मला पाठ होते. पाचला पाच कमी असताना बाईंनी घड्याळ पाहिलं, काहीतरी म्हणाल्या, आणि तिघी सावरून बसल्या. पाच वाजता मी खाली गेले. बाई म्हणाल्या, "ये. आम्ही म्हणतच होतो, यंदा ऊन फार लवकर आलं."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण वाईट काही वाटलं नाही. उलट पुढचे पंधरा-वीस दिवस मी मुद्दाम पाच-दहा मिनिटं उशिरा जायला लागले. म्हटलं, बिचाऱ्यांचं बोलणं अर्धवट राहायला नको. रोज गॅलरीत उभी राहून त्यांना बघायचे, मग चप्पल घालून खाली जाऊन ऊन, पाणी आणि लोणची ऐकायचे. तीन जिवंत नवरे माझ्यापासून लपवून ठेवले होते आणि मी त्या लपवण्यात मदत करत होते. शेवटी दोन दिवस मी गेलेच नाही. गॅलरीतून पाहिलं तर दोन्ही दिवस तिघी साडेचारला बसल्या त्या थेट सहापर्यंत, पाचला कुणाला सावरावं लागलं नाही. बाई डबा घेऊन वर आल्या, "बरं नाही का?" म्हणाल्या. मी म्हटलं, बरी आहे. त्या गेल्यावर डबा तसाच ठेवून मी बसून राहिले. आता अजून आठवडाभर गेले नाही तर ती जागा कायमची जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. मग माझ्यापाशी काय उरणार होतं? भिंती आणि मुलीचा रविवारचा फोन.

तिसऱ्या दिवशी मी साडेचारला खाली उतरले.

तिघींच्या बोलण्याला एकदम ब्रेक लागला. आक्कानं पदर सारखा केला. भाभी सरकली आणि म्हणाली, "बस ना. आम्ही ऊन..."

"ऊन नको," मी म्हटलं. "मी रोज वरून बघते. मी आले की विषय बदलता. नका बदलू."

बाई खाली बघत म्हणाल्या, "तुला त्रास होईल म्हणून गं."

"मला काही होतच नाही हो बाई. तोच तर त्रास आहे." माझा आवाज चढला होता, माझ्याही नकळत. "आणि माझीही एक तक्रार राहिलीय सांगायची. ह्यांची. ती ऐका आधी."

मी सांगायला लागले.

"त्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर हे खुर्चीत, मांडीवर पेपर. मी दारातूनच सुरू झाले. म्हटलं, आज तीस तारीख, आज तरी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देणार आहात का? महिनाभर सांगतेय. पेन्शन थांबली की मग माझ्यावर चिडाल. हे गप्प. पेपर हातात असला की हे कधीच उत्तर द्यायचे नाहीत, तीस वर्षांची सवय. म्हणून मी समोर गवार मोडत बसले आणि बोलत राहिले. म्हटलं, माणूस जिवंत आहे एवढंच दाखवून यायचंय, त्याला काय मुहूर्त लागतो का? अर्धा किलो गवार मोडून झाली. तरी मी बोलतेच आहे. शेवटी डोकं फिरलं, म्हटलं, अहो, मी काय भिंतीशी बोलतेय? आणि उठून पेपर ओढला."

तिथे मी थांबले.

"डॉक्टर म्हणाले, मी घरात आले त्याच्या आधीच हे गेले होते. अर्धा किलो गवार होईपर्यंत मी त्यांना बोलत होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही."

भाभीनं तोंडावर हात धरला होता. बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. मग आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाय, आमचं जित्तं हाय, तरी उत्तर देत न्हाई."

"आक्का!" भाभी किंचाळलीच.

आणि मला हसू फुटलं. आवरेना. मी ओट्यावर हात आपटून हसत होते, आणि त्या तिघी रडत होत्या. आक्काही. बराच वेळ असंच चाललं. बाईंनी पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "मग? दाखला?"

"नाहीच दिला."

"म्हणजे शेवटपर्यंत बँकेत गेले नाहीत," बाई म्हणाल्या.

"नाही गेले. मेले, पण रांगेत उभे राहिले नाहीत," मी म्हटलं. आणि मला ह्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की छातीत कळ आली. एका शब्दानं सांगितलं नाही, साधी हाक मारली नाही, खुशाल मला बोलू दिलं आणि स्वतः निघून गेले. चार महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी दुखत होतं. भाभीनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, डोळे पुसले आणि म्हणाली, "आता आमच्या साहेबांचं ऐक." मी ऐकत होते. कळ थांबत नव्हती, आणि ती थांबू नये म्हणून मी अगदी न हलता बसले होते.