एका फोनवरचे दोघे भाऊ

सुरतेच्या उधना भागातल्या साड्यांच्या एका पेढीत वर्षा कॉम्प्युटरवर बसते. माहेर जळगावकडचं, सासर इथलंच, नवागामचं. पण सुरतेतले खान्देशी लोक तिला ओळखतात ते रक्तासाठी. थॅलेसेमियाच्या लेकरांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यांच्यासाठी दाते गाठून देण्याचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं आहे.

पूर्वी इथल्या तीन खान्देशी मंडळांकडे रक्तदात्यांच्या तीन वेगळ्या याद्या होत्या. एकाच माणसाला तिन्हीकडून फोन जायचे आणि तो वैतागायचा. वर्षानं याद्या मागून घेतल्या. नावांवरून मेळ बसेना. एकीत निंबा पाटील, दुसरीत निंबाभाई, तिसरीत नुसतं एन. पाटील. मग तिनं सगळे मोबाइल नंबर एका रकान्यात आणले आणि दुबार आलेले काढून टाकले. यादी सुटसुटीत झाली. मंडळं खूश, दातेही खूश.

उन्हाळ्यातल्या शिबिरात हिलाल नावाचा लूम कामगार तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, माले वाटनं मना रगतमा काही खोट शे, म्हनिसन बलावनं बंद व्हयनं."

वर्षानं यादी उघडली. नंबर होता, पण त्यापुढे नाव त्याच्या भावाचं, गजेंद्रचं. घरात दोघांत एकच फोन. दुबार नंबर काढताना आख्खा माणूसच गळून पडला होता.

"तुमच्या रक्तात काही खोट नाही, हिलालभाऊ," ती म्हणाली. "चूक माझ्याकडून झाली."

मंडळांच्या बैठकीत कुणी विचारायच्या आधी तिनंच हे सांगून टाकलं. जुन्या याद्या पुन्हा काढल्या. नंबर, नाव, जन्मसाल, तिन्ही ताडून पाहिली, आणि जिथे शंका आली तिथे रविवारी स्कूटर काढून घरी जाऊन विचारलं. एका फोनवर कुठे बापलेक निघाले, कुठे नवराबायको. प्रत्येकाला तिनं स्वतःचा वेगळा क्रमांक दिला.

परवा तिनं त्या भावांच्या घरी फोन लावला. गजेंद्रनं उचलला आणि निघायच्या तयारीलाच लागला. "तुम्ही मागच्याच महिन्यात दिलंय," वर्षा म्हणाली, "या खेपेला हिलालभाऊंना पाठवा."

हिलाल कामावरून तसाच आला, केसांत लूमवरच्या धाग्यांची लव घेऊन.