आईने ओळखलेला मामा

माझ्या पीएचडीच्या चौथ्या वर्षी आई दोन महिने अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात माझ्याकडे राहायला आली. मी दिवसभर लॅबमध्ये, आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत. आठवड्याभरात तिला कॅम्पसच्या बसच्या वेळा पाठ झाल्या. एका संध्याकाळी घरी आले तर ती मसाल्याच्या बरण्यांना तिसऱ्यांदा लेबलं लावत होती. माझ्या रूममेटने ते पाहिलं आणि म्हणाली, "आंटी को पिक्चर लेके जाना है. मेरा वाला पिक्चर."

रूममेट मदुराईजवळच्या एका गावची. तिचं हिंदी आणि आईचं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे दोघींचं फार छान जमायचं. तिच्या आवडीचा तमिळ सिनेमा दीड तासावरच्या थिएटरला लागला होता. गाव, शेती, दोन घराणी, खून आणि सूड. शनिवारी दुपारचा एकच शो होता. आई इस्त्रीची साडी नेसून, वर माझं जाड जॅकेट घालून गाडीत बसली.

सबटायटल्स असतील असं वेबसाइटवर लिहिलं होतं. ती आलीच नाहीत. पहिल्या पाच मिनिटांत पडद्यावर जत्रा भरली, भांडण झालं आणि रात्री घरात घुसलेल्यांनी हिरोच्या वडिलांवर कोयता चालवला. आम्ही मायलेकी नुसत्याच बघत राहिलो. मग रूममेट माझ्या कानात इंग्रजीत सांगायला लागली आणि मी आईच्या कानात मराठीत. कानात म्हणजे, आईला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तेव्हा निम्म्या थिएटरला ऐकू जाईल इतक्या हळू.

वडील गेल्यानंतरच्या जेवणाचा सीन आला. केळीच्या पानांची पंगत, आणि हिरोचा मामा छाती बडवून रडतोय.

"याने मारलं," आई म्हणाली.

"अगं, तो मेलेल्याच्या बायकोचा भाऊ आहे. मारणारे पलीकडच्या घरातले. आत्ताच दाखवलं ना?"

"रडतारडता त्याने दुसऱ्यांदा भात मागितला. ज्याला खरं दुःख असतं त्याला पहिलाच उतरत नाही."

मी हे रूममेटला सांगितलं. ती इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या रेशमी साडीतल्या मावशींनी वळून पाहिलं आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं. रूममेटने त्यांना आईचं म्हणणं सांगितलं. मावशींनी ते शेजारी सांगितलं आणि शेजाऱ्यांनी पुढे. दोन मिनिटांनी अगदी टोकाला कुणीतरी खुदकन हसलं, तेव्हा कळलं की भात तिथवर पोचला.

त्यानंतर मामा पडद्यावर आला की पुढच्या रांगेतली डोकी मागे वळायची. आई गंभीरपणे मान हलवायची.

हिरो वयात आला, गावी परतला, शत्रूच्याच घरातल्या मुलीच्या प्रेमात पडला. "एवढ्या गावात दुसरी मिळाली नाही का याला?" आईने विचारलं. तेही तमिळमध्ये पुढे गेलं. मग हिरोने नांगर उचलून वीसएक माणसं लोळवली, तेव्हा प्रेक्षक उभे राहिले आणि कागदाचे कपटे उधळायला लागले. मी वळून पाहते तर आई पॉपकॉर्नबरोबर आलेले पेपर नॅपकिन भराभर फाडत होती. माझी आई. जिने आम्हाला लहानपणी थिएटरात चिवड्याची पुडीसुद्धा उघडू दिली नव्हती.

शेवटी शत्रूच्या घरातला म्हातारा मरता मरता बोलला. मागच्या दाराची किल्ली त्या रात्री त्याला कुणी दिली होती? कॅमेरा हळूहळू मामावर गेला.

अख्खं थिएटर आईकडे वळलं. शिट्ट्या वाजल्या, टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "आंटी, सुपर!" आईला कुठे बघावं कळेना. तिने पदर सारखा केला आणि बसल्याबसल्या नमस्कार केला. माझ्या हसून हसून कुशीत कळ आली होती. रूममेट तर पुढच्या खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून नुसती हलत होती.

दिवे लागले तेव्हा थिएटरचा एक तरुण अमेरिकन कर्मचारी झाडू आणि सुपली घेऊन दारात उभा होता. जमिनीवरचे कपटे पाहून त्याचा चेहरा पडला. आईने पुढे होऊन त्याच्या हातातला झाडू घेतला. तो "नो, मॅम, प्लीज" म्हणत मागे आणि ती पुढे. "आम्ही टाकलं, आम्ही काढू," असं तिने त्याला स्वच्छ मराठीत सांगितलं. रेशमी साडीतल्या मावशींनी निऱ्या खोचल्या आणि सुपली धरली. त्यांच्या पाठोपाठ पाच-सहा जण वाकून कागद वेचायला लागले, आणि तो बिचारा दारातच हात जोडून उभा राहिला. हात जोडायला तो तिथेच शिकला असावा.

मावशी आमच्या गावापासून वीस मिनिटांवर राहतात, असं पार्किंग लॉटमध्ये कळलं. त्यांनी माझा नंबर घेतला. मला वाटलं, लोक घेतात तसा घेतला असेल.

बुधवारी लॅबमधून आले तर दारात अनोळखी चपला. सोफ्यावर आई आणि मावशी मांडीला मांडी लावून बसलेल्या, मध्ये मुरुक्कूचा, म्हणजे त्यांच्याकडच्या चकल्यांचा डबा, समोर माझ्या जुन्या लॅपटॉपवर दुसरा कुठलातरी सुडाचा सिनेमा. मावशी तमिळमध्ये बोलत होत्या, आई मराठीत, आणि दोघी एकमेकींना अगदी बरोबर जागी "हो ना" म्हणत होत्या.

"मी सांगू का काय चाललंय ते?" मी विचारलं. "सबटायटल्स लावते."

आईने पडद्यावरची नजर न हलवता सरकून मला जागा केली.

"बस गप. याचा धाकटा भाऊ मेलेला नाहीये," ती म्हणाली.