मी पदर पसरला नाही

"थांब गो तिथंच! तुरुंगातलं अंग घेऊन उंबरा ओलांडू नको."

मोठ्या जाऊबाईंनी मला धसईच्या घराबाहेर, गोठ्याशेजारी उभं केलं. मयताहून आलेल्या माणसासारखी नेसत्या साडीनिशी आंघोळ. पाणी त्यांनी वरूनच ओतलं. तांब्याला माझा हात लागायला नको. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. कोणीतरी हसलं. मी कुडकुडत उभी. कल्याणला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी. "आमची इंग्लिशवाली सून" म्हणून पाहुण्यांपुढे मिरवलेली.

मुलांनो, आजी तीर्थयात्रेला गेली असं तुम्हाला सांगितलं होतं. खोटं. मी तुरुंगात होते. तुमचे आजोबा मला मारायचे, लग्न झाल्यापासून. एके दिवशी त्यांनी चुलीतलं जळतं लाकूड उपसलं. माझ्या हाती मुसळ लागलं, तेच मी हाणलं. त्यांचा खुबा मोडला. मला शिक्षा झाली. माझ्या पाठीवरचे डाग कोणी विचारले नाहीत.

त्या आंघोळीनंतर मी घरात गेलेच नाही. ओल्या साडीनं एसटीत बसले आणि शहापूरला उतरले. तिथल्या महिला केंद्रातली शोभा तुरुंगात आम्हाला भेटायला यायची. तिच्याशिवाय दुसरा पत्ता मला ठाऊक नव्हता.

शोभावर माझा विश्वास नव्हता. फुकट चहा कोण देतं? ही आपल्याकडून काय काढून घेणार? मी भिंतीला पाठ लावून बसायची. दार उघडं असलं तरी कोणी "जा" म्हणेपर्यंत उठायची नाही. तुरुंगाची सवय. शोभा "जा" म्हणायचीच नाही. मला राग यायचा. एकदा मी तशीच बसून राहिले. मग आपणच उठले, बाजारात गेले, मेथी घेऊन परत आले. कोणी काही विचारलं नाही.

पुढे तिनं मला केंद्राच्या मदतीच्या फोनवर बसवलं. पहिल्याच दिवशी एक बाई नुसती रडत होती. मी म्हटलं, "रडा. मी आहे इथं." दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हाही मीच उचलला.

मग एका दुपारी धाकटे दीर आणि मोठ्या जाऊबाई केंद्रात आल्या. पिशवीत नवी साडी, नारळ, तांदूळ. ओटीचं सामान. आमच्याकडे माहेरी निघून गेलेल्या सुनेला असंच परत नेतात. तिनं ओटी घेतली की झालं गेलं मिटलं. पुढे तिनं तोंड उघडायचं नाही.

"वयनी, दादाला कूस पण बदलता येत नाय. त्याचं करायला कोण हाय? चला घरी."

"मग गडी ठेवा की," शोभा म्हणाली.

"तुमी मधे बोलू नका, मॅडम. घरातली गोष्ट हाय."

मी शोभाकडे रोखून पाहिलं. "तूच बोलावलंस ना यांना?"

"नाही. आणि आता मी गप्प बसते. तुमचं तुम्ही सांगा."

जाऊबाईंनी ओंजळीत नारळ धरला. "पदर पसर गो. लोकांसमोर तमाशा नको. एवढी शिकलेली तू."

सगळ्या बायका बघत होत्या. मी पदर खांद्यावरून घेतला आणि कमरेला खोचला.

"शिकलेली आहे म्हणूनच नीट सांगते. मी येणार नाही. त्यांचं करणार नाही. ओटी घेणार नाही."

"मग तुला मेल्यावर खांदा कोण देल?"

"ते मेल्यावर बघू."

नारळ परत पिशवीत गेला. जाताना दीर म्हणाले, "पोरांना कळलं तर तोंड कसं दाखवशील?"

म्हणून मीच तुम्हाला लिहिते आहे. आधी माझ्याकडून ऐका. शोभावर माझा अजूनही पुरता विश्वास नाही. तिला ते ठाऊक आहे, आणि तरी ती फोन माझ्याकडेच सोपवते.

काल मुरबाडकडची एक तरुण सून केंद्रात आली आहे. ओठ फाटलेला. तिचीही माणसं नारळ घेऊन येतील. दाराशी माझी खुर्ची आहे. तिच्यापर्यंत पोचायच्या आधी त्यांना माझ्याशी बोलावं लागेल.