होकारबाई

आमच्या मराठीच्या बाईंना वाद घालणारी मुलं भारी आवडत. अट एकच होती. समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, त्याने "हो, हेच म्हणालो" अशी कबुली दिली की मगच आपलं सांगायचं. म्हणून धुळ्याच्या त्या कॉलेजात त्यांचं नाव होकारबाई पडलं. खुर्चीवर त्या कधी बसल्याच नाहीत. खिडकी ते दार नुसत्या येरझारा घालत.

मी कापडवाल्याचा मुलगा, जिभेला हाड नसलेला. ती अट मला पायातली बेडी वाटे. "दुसऱ्याचं सांगताना अडखळलास, तर समज, ऐकलंच नाहीस," असं त्या म्हणत.

बारावीत असताना राखीव जागांवरून गावात मोर्चे निघू लागले. वादाच्या तासाला सुनीता उभी राहिली. बौद्ध घरातली, रोज एसटीने खेड्यावरून येणारी. तिचे वडील शाळा शिकले ते व्हरांड्यात बसून. आत जागा होती, पण त्यांना नव्हती, एवढंच तिने सांगितलं. मी ताडकन उठलो. बाई म्हणाल्या, "आधी तिचं." मी म्हणालो, हे लोक गरीब आहेत, म्हणून त्यांना जागा हव्यात. सुनीता चिडली की गावच्या अहिराणी बोलीवर येई.

"नही. मी गरिबीनं नाव लिधंच नही. तू मनं आयकंच नही."

गरिबीचं तिने नाव घेतलं नव्हतं म्हणे, मी तिचं ऐकलंच नव्हतं म्हणे. पुन्हा मांडलं, पुन्हा "नही". मुलं हसली आणि घंटा झाली.

घरी जाऊन मी आग ओकलो. बाई आम्हाला जबरदस्तीने राखीव जागांच्या बाजूने बोलायला लावतात, असं सांगितलं. ते खोटं होतं आणि मला ठाऊक होतं. वडील, म्हणजे आमचे बापूजी, मला घेऊन तडक प्राचार्यांकडे गेले. तिथे बाईंनी आधी बापूजींचंच गाऱ्हाणं मांडलं, त्यांना स्वतःला जमलं नसतं इतकं नीट: मुलाचे गुण, मेडिकलची जागा, जिवाला लागलेला घोर. बापूजी चक्रावून "हो" म्हणाले. आता पाळी बाईंची होती. त्या बोलायच्या आतच प्राचार्य म्हणाले, "झालं तर मग." वादाचा तास त्या दिवसापासून बंद झाला.

जूनमध्ये बाई बदलीवर चाळीसगावला गेल्या. मी स्टँडवर गेलो होतो, माफी मागायला. उभ्या बसच्या पाट्याच वाचत राहिलो. बसच्या खिडकीतून त्याच म्हणाल्या, "सुनीताचं राहिलंय तुझ्याकडे."

ते राहिलंच. आज दुकानात बसून मला ते वाक्य मांडता येतं: तिच्या वडिलांना बाहेर बसवलं, ते गरीब होते म्हणून नव्हे. पण त्यावर "हो" म्हणायला सुनीता कुठे असते, कोण जाणे. दुकानात राखीव जागांचा विषय निघतो, गिऱ्हाइकं तावातावाने बोलतात, मी उगाच कापडाचं ठाण उलगडतो, पुन्हा गुंडाळतो. माझी पाळी अजून आलेली नाही.