कणगीवर ठेवलेला हात

माझ्या मुलीनं मला दोन महिने मावशी म्हटलं. त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता. दोष माझा होता. थोडासा मी पुण्यातल्या घरमालकांवर ढकलीन, तेवढा हक्क मला आहे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. नवरा गेल्यावर त्याच्या जागी मला पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत चिकटवून घेतलं. माझं माहेर करमाळ्याच्या बाजूला. मुलगी आईपाशी ठेवली आणि निघताना तिला सांगितलं, "शाळा सुरू व्हायच्या आत खोली बघते आणि तुला घेऊन जाते. पहिलीत तू पुण्यातच बसायचं." तिला सहावं लागायचं होतं. ती लगेच पाटी काढून पिशवीत भरायला लागली. जूनच्या आत पुण्यात एक खोली, यापलीकडे मला देवाकडं काही मागायचं नव्हतं.

पण खोली! पुण्यात एक वेळ देव भेटेल. ऑफिसातल्या एका बाईंकडं पथारी टाकून मी रोज संध्याकाळी पेठा पालथ्या घालायची. पहिला प्रश्न पागडीचा. दुसरा, "मिस्टर काय करतात?" मी आपली खरं सांगायची. मिस्टर नाहीत म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा आणि मुलगी आहे म्हटलं की संपलंच. एक काकू म्हणाल्या, "लहान मूल म्हणजे नळाचं पाणी किती जाईल सांगता येत नाही हो." मी म्हणाले, "माझी मुलगी पाणी पिते काकू, नळ पीत नाही." बोलायला फार बरं वाटलं. खोली अर्थातच गेली.

असे आठ-नऊ नकार खाल्ले. ज्यांच्याकडं पथारी होती त्या बाईंच्या नवऱ्यानं एके दिवशी कॅलेंडरकडं बघत माझी चौकशी केली. मी काय समजायचं ते समजले. आमच्या ऑफिसचा शिपाई मुळशीकडचा. तो म्हणाला, "बाई, पिरंगुटला कारखाने निघाल्यापासनं आमच्या भरे गावात खोल्या देत्यात लोकं. महिना-दोन महिने काढा तितं, मग बघा शहरात."

त्यानं दाखवलेल्या भऱ्यातल्या घरात एक म्हातारी एकटीच राहायची. गडी लावून भाताची शेती करायची. सगळा गाव तिला आत्या म्हणे, मग मीही. खोली चांगली ऐसपैस होती, पण निम्मी जागा एका कणगीनं खाल्लेली. माणसाच्या उंचीची बांबूची कणगी, शेणानं सारवलेली, आत वर्षाचा भात. बुरुडानं ती खोलीत बसूनच विणली होती आणि आता ती दारातून बाहेर निघणंच शक्य नव्हतं. म्हणजे खोली भाड्यानं, पण कणगी आत्याचीच आणि तिथंच.

"एकलीच?" आत्यानं विचारलं.

"एकटीच. मालक गेले."

"आन् पोरंबाळं?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागले. आत्याला वाटलं मला प्रश्नाचा राग आला. ती समजावत म्हणाली, "आगं, मागलं बिऱ्हाड दोन म्हैन्यांसाठी म्हनून आलं. पोरांसकट. पोरं साळंत गेली आन् माणसं रुजली. चार वर्सं हालली न्हाईत. एकलं माणूस उठून जातंय, पोरवालं रुजतंय. तवा काय आसंल ती आन्नावर हात ठिवून सांग."

माझा हात माझ्या आधी उठला. मी कणगीवर तळवा टेकला आणि म्हणाले, "कुणी नाही मला." शेण वाळून खरखरीत झालेलं होतं. अजून आठवतं.

मग आत्यानं तिची अट सांगितली. दिवेलागणीला कणगीपुढं दिवा लागलाच पाहिजे आणि तो मी लावायचा. अंधार पडायला लागला की तिचे डोळे दगा द्यायचे. मी म्हणाले, "आत्या, मी अशी. माझ्या हातचा दिवा चालेल का?"

"मी काय सवाष्ण हाय व्हय?" आत्या म्हणाली. "दिव्याला कपाळ कुटं दिसतंय!"

बाई अशी, की हिच्याशी खोटं बोलायचं कारणच नव्हतं. हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

त्या दिव्यानं मला बांधून टाकलं. ऑफिस सुटलं की धावत येऊन एसटी धरायची, पिरंगुटला उतरायचं, तिथून भरभर चालत भरे गाठायचं, तेव्हा कुठं दिवेलागण हाती लागायची. आणि पुण्यात खोली दाखवणारा प्रत्येक माणूस संध्याकाळीच भेटणार! "सहानंतर या, हे घरी असतात." सहानंतर मी पिरंगुटच्या एसटीत असायची. रविवार होता, पण रविवारी गेलं की "अहो, काल संध्याकाळीच दिली." म्हणजे पुण्यात खोली मिळेपर्यंत म्हणून ही खोली घेतली, आणि ही खोली आहे म्हणून पुण्यात खोली मिळेना. आपल्याच पदरात आपला पाय. तोंडाशी आलेली शिवी मी कितीदा गिळली असेल! वात लावताना काडी मोडायची, इतके हात चिडलेले असायचे.

दिवा लागला की आत्या हात जोडायची आणि माझ्याकडं बघून रोज तेच म्हणायची, "तुला एखादं लेकरू आसतं तर बरं झालं आसतं गं. आधार झाला आसता." मला ओरडून सांगावंसं वाटायचं, आहे हो, पाटी भरून बसलीय! पण सांगितलं तर खोली जाणार. आणि त्याहून भीती वेगळीच होती. अन्नावर हात ठेवून बोललेलं खोटं लेकराला बाधतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आईचं पत्र आलं की पहिली ओळ वाचायला धीर होत नसे.

चैत्रातल्या एका रविवारी मी अंगणात भांडी घासत होते. मान वर केली तर फाटकाशी आई, आणि तिच्या हाताला धरून माझी मुलगी. पाटीची पिशवी गळ्यात. मुंबईला भावजयीचं बाळंतपण आलं होतं, आईला निघणं भाग होतं. "पत्र टाकलंय की," आई म्हणाली. ते पत्र बुधवारी आलं.

आत्या ओट्यावर सूप घेऊन बसलेली. तिनं पोरीला खालून वर न्याहाळलं. "ही कुणाची गं?"

"बहिणीची," मी म्हणाले.

मला बहीण नाही. आई माझ्याकडं बघतच राहिली. मुलगी धावत निघाली होती, ती मधेच थांबली. आई म्हणायला उघडलेलं तोंड तिनं तसंच मिटलं. मी काही खूण केली नव्हती. जेवताना ती हळूच म्हणाली, "मावशी, मला ताक." माझा घास हातातच राहिला. आईनं पदर तोंडाला लावला आणि ठसका लागल्यासारखं केलं.

"भाची हाय तर ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "भाची रुजत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आई मुंबईला गेली आणि आम्ही दोघी त्या खोट्यात राहायला लागलो. कणगीच्या खोलीला दिवसा कडी घालायची नाही असा आत्याचा रिवाज. भात बघायला ती केव्हाही आत यायची. म्हणून मी पोरीला बजावलं, "खोलीतसुद्धा मावशीच म्हणायचं. कानातसुद्धा आई म्हणायचं नाही." तिनं विचारलं, "किती दिवस?" मी म्हणाले, "खोली मिळेपर्यंत." कुठल्या तोंडानं सांगितलं असेन! ती एकदाही चुकली नाही. पडली, गुडघा फुटला, तरी "मावशी गं" म्हणूनच रडली. मी त्या दिवशी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, खोटं कशाला सांगू.

मी ऑफिसला गेले की ती आत्याबरोबर खळ्यात, गोठ्यात. दहाएक दिवसांनी आत्या म्हणाली, "दिवा लावायला आता पोरगी हाय. तिचं डोळं हायेत, मी संगं बसते. तू सांजच्याला खोल्या हुडक जा. उशीर झाला तरी चालंल." मी तिच्याकडं बघितलं. तिचं सगळं लक्ष सुपातल्या खड्यांकडं होतं.

मग मी मोकाट सुटले. महिनाभर रोज संध्याकाळी कोथरूड धुंडाळलं. शेवटी खोली मिळाली ती मूळच्या पौडच्या एका मुसलमान शिंप्यांकडं. दुकानामागं एक खोली आणि मोरी, बस. त्यांनी विचारलं, "लहान मूल आहे का ताई?" आता काय व्हायचं ते होऊ दे म्हणून मी भांडायच्याच सुरात म्हणाले, "आहे! मुलगी आहे माझी!" ते म्हणाले, "मग मोरीजवळची पायरी नीट करून घेतो. लेकरू घसरायचं." त्यांच्या मशीनपाशी उभ्या उभ्या मला रडू फुटलं. ते बिचारे घाबरले, बायकोला हाक मारायला लागले.

शाळा सुरू व्हायला आठवडा होता. ट्रंक बांधली, खोली झाडली. आत्या आली. कणगीच्या बुडाशी भोकात कोंबलेला चिंधीचा बोळा तिनं काढला आणि पिशवीत भात सोडला. बोळा परत ठासून बसवला. पिशवी पोरीच्या हातात दिली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "नीट जा गं बाई, आईसंगं."

माझ्या हातातून ट्रंक सुटली.

"आत्या, तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"पैल्याच दिशी. मावशीला बघून लेकरू असं तोंड मिटत न्हाई."

"मग बोलला का नाहीत? दोन महिने! माझ्या लेकरानं दोन महिने..." माझा आवाज चढला होता. आत्यावर चढवायचा मला काय अधिकार होता, पण चढला.

आत्या शांतपणे म्हणाली, "तू आन्नावर हात ठिवला व्हतास. मी बोलले आसते तर कणगीम्होरं खोटी पडली आसतीस. त्येचं भोग कुणाला? हिलाच की. आता बिऱ्हाड उठलं, शपथ सुटली."

मला तिचा राग आला आणि मी तिच्या पायाही पडले. दोन्ही खरं. ती एक शब्द बोलली असती तर मी त्याच दिवशी मोकळी झाले असते, असं मला अजून वाटतं. आणि मीच एक शब्द बोलले असते तर, हेही वाटतं.

मुलगी पिशवी छातीशी धरून आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती. तिनं माझा पदर ओढला आणि विचारलं, "मावशी, आता आई म्हणू का?"

मी मान डोलावली. पिरंगुटच्या थांब्यापर्यंत ती माझं बोट धरून चालली, पण काही म्हणाली नाही. एसटी आली, खिडकीजवळची जागा मिळाली, गाडी सुटली. मग तिनं मागं वळून बघितलं, पुढं बघितलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून घेतली, आणि माझ्या कानाशी येऊन अगदी हळू आई म्हटलं.