बद्रीनाथचा उजवा हात

कसबा पेठेत माझं बटणं, हुक आणि अस्तराचं दुकान आहे. दुपारी बारा ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही आणि दुपारी झोपणं मला जन्मात जमलेलं नाही. त्यामुळे समोरच्या बद्रीनाथच्या दुकानात काय चाललंय ते बघणं हे माझं दुसरं काम. आमचे हे म्हणायचे, "श्यामला, तू पोलिसात जायला हवं होतंस." मी म्हणायची, "बदली झाली असती तर तुमच्या डब्याचं काय?"

बद्रीनाथ मोटारसायकलींचं वायरिंग करतो. एकसष्ट वर्षांचा आहे, म्हणजे माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा. त्याची पद्धत निराळी. वीज तपासायचा मीटर ड्रॉवरमध्ये फडक्यात गुंडाळून ठेवलेला. हा गाडी सुरू करतो आणि वायरवरून दोन बोटं आणि अंगठा फिरवत जातो. जिथे वायर कोमट लागते तिथे दोष. पस्तीस वर्षांत बोटं चुकली नाहीत, असं तो स्वतःच सांगतो. भिंतीवर पाटी आहे : "काम चालू असताना गिऱ्हाइकाने शेजारी उभे राहू नये. राहिल्यास बोलू नये."

संक्रांतीपासून मात्र त्याच्या उजव्या हातातून स्क्रू पडायला लागले होते. तो खाली वाकून शोधायचा, कुणी पाहिलं नाही ना ते बघायचा, आणि समोर मी असायचीच. माझं मनगट ज्यांनी बरं केलं त्या सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे जा, असं मी त्याला पाच-सहा वेळा तरी सांगितलं. तो म्हणायचा, "डॉक्टर काय करणार? हात लावून बघणार. ते मलाही येतं." मला खरं कारण कळत होतं. डॉक्टरांनी काम बंद करा म्हटलं असतं, तर त्या बोटांशिवाय त्याच्याकडे काही नव्हतं.

मे महिन्यात एक मुलगी भलीमोठी, लांबच्या प्रवासाची मोटारसायकल घेऊन आली. नाव निशा, हिंजवडीत नोकरीला. तिने एक खोका पुढे केला.

"काका, हीटेड ग्रिप्स बसवायच्यात. हँडलच्या मुठी गरम होतात."

बाहेर चाळीस अंश. हँडलला तसाही हात लावता येत नव्हता. मी दुकानावर पडदा ओढला आणि गल्ली ओलांडली.

"मुठी गरम कशाला गं?" मी विचारलं. बद्रीनाथने पाटीकडे पाहिलं. ती गिऱ्हाइकांसाठी आहे, मला लागू नाही.

निशाने सांगितलं. गेल्या वर्षी ती लडाखला गेली होती. एका खिंडीत गारांचा पाऊस लागला, बोटं गोठली. पुढचा ब्रेक उजव्या हाताने दाबायचा, तो दाबलाच गेला नाही. गाडी दगडावर, खांदा प्लास्टरमध्ये, तीन महिने घरी. तेव्हापासून आईने किल्ली गव्हाच्या डब्यात लपवली होती. हात गरम राहतील या एका अटीवर ती परत मिळाली.

"सोमवारी पहाटे निघायचंय, काका. शनिवारी संध्याकाळी न्यायला येते."

बद्रीनाथने असलं काही आधी बसवलं नव्हतं, पण तसं कबूल करेल तर तो बद्रीनाथ कसला. शनिवारी सकाळी त्याने जुन्या मुठी ब्लेडने चिरून काढल्या. नव्या मुठींच्या रबराच्या आत बारीक तारा होत्या. उजवी मूठ ॲक्सिलरेटरबरोबर फिरते, म्हणून तिच्या वायरला त्याने सैल वळसा ठेवला. फिरवताना वायर ताणली तर ॲक्सिलरेटर मागे येणार नाही, हे त्याने मी न विचारता सांगितलं. किल्ली बंद केली की मुठी बंद होतील अशी जोडणी केली. काम देखणं होतं, मी मनात शाबासकी दिली. तोंडावर दिली असती तर त्याने दिवसभर स्वतःचं कौतुक ऐकवलं असतं.

मग गाडी सुरू केली. पाच मिनिटांनी त्याने दोन्ही मुठींवर दोन्ही हात ठेवले.

"डावी मस्त. उजवी थंड आहे."

जोड उघडला, परत केला. उजवी थंड. फ्यूज बदलला. उजवी थंड. दुपारचे दोन वाजले. शेवटी त्याने उष्णता कमी-जास्त करायचं बटण बाजूला ठेवून उजवी मूठ थेट जोडली, म्हणजे पुरती तापेल तेवढी तापेल. दहा मिनिटं थांबला, हात ठेवला.

"मालच खराब आहे. एक मूठ तापते, एक नाही."

मला गप्प बसवेना. सकाळपासून बघत होते की तो डाव्या मुठीवर डावा हात ठेवतो आणि उजवीवर उजवा. मी पुढे होऊन उजव्या मुठीला हात लावला आणि "आई गं" म्हणून ओरडलेच. तळवा लालबुंद झाला.

"अरे, भाजली मी! हात बदलून बघ. डावा हात उजवीकडे लाव."

त्याने लावला आणि झटकन मागे घेतला. मग उजवा लावला. तो तसाच ठेवून उभा राहिला. मीच त्याचा हात ओढून बाजूला केला. तळव्याला फोड येत होता आणि त्याला कळत नव्हतं. मला फार भीती वाटली. ही मुलगी तशी मूठ धरून गेली असती तर काय झालं असतं, हा विचार त्यानंतर आला.

संध्याकाळपर्यंत त्याने सगळं पुन्हा नीट जोडलं. निशा आल्यावर तो काय सांगणार याची मला उत्सुकता होती. गप्प बसला असता तर तिला कधीच कळलं नसतं.

"मॅडम, दुपारी मी म्हणत होतो की उजवी मूठ खराब आहे," तो म्हणाला. "मूठ चांगली आहे. माझा उजवा हात खराब आहे. त्याला गरम कळत नाही. तुमचा हात लावून खात्री करा, मगच न्या."

आणि पाटीखाली स्वतःचं स्टूल ओढून त्याने तिला गाडीशेजारी बसवलं.

निशा हुशार. म्हणाली, "उन्हाळ्यात काय कळणार?" तिने शेजारच्या रसवंतीतून बादलीभर बर्फाचं पाणी आणलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. बोटं पांढरी पडली, दात वाजायला लागले. मग तिने हात पुसले आणि मुठी धरल्या. रसवंतीवाला ग्लास हातात घेऊन बघायला आला.

"कळतंय?" बद्रीनाथने विचारलं.

"नाही. काहीच नाही."

"आता?"

"नाही... थांबा. हो. उजवीकडेपण."

तिने ब्रेक दाबून पाहिला. सहज दाबला गेला. ती हसली. बद्रीनाथ मात्र मुठीकडे बघत नव्हता, तिच्या बोटांकडे बघत होता.

"परत कळायला लागतं तेव्हा कसं वाटतं?"

"आधी मुंग्या येतात, काका. मग खूप दुखतं. मग बरं वाटतं."

"पण येतं ना परत?"

"माझं आलं."

ती गेली. बद्रीनाथने बादली रिकामी केली, ड्रॉवर उघडला, फडकं सोडून मीटर बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. मी पडदा बाजूला करायला वळले, तेवढ्यात त्याने मागून हाक मारली.

"ताई, तुमचे ते सदाशिव पेठेतले डॉक्टर सोमवारी किती वाजता येतात?"