बसऱ्याचे दगड

मयेकर काकांनी लाच घेतली नव्हती, हे मला माहीत होतं. कारकुनांनी लाच घेतली असं मी छापलं, त्याच्या आधीपासून माहीत होतं. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आता सांगायला निमित्त असं काही नाही. पन्नाशी उलटली आणि गप्प बसणं जड व्हायला लागलं, एवढंच.

२००३ साली मी ॲन आर्बरला पीएच.डी. करत होतो. विषय होता इंग्रजांच्या अमलात अरबस्तानच्या किनाऱ्यावर खजुराच्या व्यापाराला लागणारी जकात. नागपूरचा माणूस अमेरिकेत येऊन अरबांच्या खजुरावर अभ्यास करतो, याचं तिथल्या मराठी मंडळींना हसू येई. "जॉब कोण देणार यार तुला?" असं सरळ विचारत. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम करणाऱ्या शुभांगीताई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, माझे बाबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथेच होते. आखातातल्या एका बंदरावर, जकातीत कारकून. भेटतोस का? त्यांना ऐकणारं कुणीतरी हवंय. मी ऐकून ऐकून दमले."

काका ऐंशीच्या पुढचे, मालवणकडचे. घरातही कोट घालून बसायचे. मिशिगनची थंडी हे कारण सांगत, पण मेमध्येही तो कोट उतरत नसे. पहिल्या भेटीला मी खजुराचा डबा नेला होता. त्यांनी एक खजूर उचलला, अंगठ्याने दाबला, नाकाशी नेला, खिडकीच्या उजेडात धरला आणि परत ठेवला.

"कॅलिफोर्नियाचा. चांगलाय. पण लाडात वाढलेला."

"घ्या ना, काका."

"मी खजूर खात नाही. तू डॉक्टर होणार म्हणे? कुणाची नाडी बघणार, खजुराची?"

पुढे मी त्यांना डिअरबॉर्नला, अरबांच्या वस्तीतल्या एका दुकानात घेऊन गेलो. तिथेही तेच. उघड्या खोक्यांपुढून ते हात मागे बांधून चालले, एका खोक्यापाशी थांबले, वास घेतला आणि दुकानदाराशी अरबीत काहीतरी बोलले. दुकानदार इराकी. तो आधी चमकला, मग आत जाऊन आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आला. दोघे म्हातारे अर्धा तास उभ्याने बोलत राहिले. मला अरबी चार वर्षं शिकून वाचता येत होती. त्यांचं बोलणं मला एका ओळीपलीकडे कळलं नाही. परतताना मी विचारलं, तर काका म्हणाले, "काही नाही रे. त्याच्या बागेचं गाव मी वासावरून बरोबर सांगितलं. तो रडला. मग मला घाई करता येईना."

त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. खजुरीच्या झापांच्या टोपलीत हात कोपरापर्यंत घालायचा, कारण वरचा थर नाखवा, म्हणजे गलबताचा मालक, दाखवतो आणि खालचा लपवतो. विणीवरून गाव ओळखायचं. तळाशी ओल लागली तर गलबताला वाटेत वादळ लागलं होतं, मग नाखव्यावर आवाज चढवायचा नाही. "जकात घेणाऱ्याने आधी माल वाचावा, मग माणूस वाचावा. कागद शेवटी." हे ते दर भेटीत म्हणत. मी टेप लावून बसायचो. मागे मान वळवून बघावं तर शुभांगीताई स्वयंपाकघरातून डोळे फिरवत असत.

एकदा मी लंडनहून मागवलेल्या जुन्या नोंदवहीच्या फोटोकॉपी घेऊन गेलो. काकांनी चष्मा पुसला, एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे अक्षर माझं."

ज्या कारकुनाला मी वर्षभर नुसता अक्षरावरून ओळखत होतो, तो समोर चहा पीत बसला होता. त्याच पानांवर मला एक कोडं पडलेलं होतं. एका मोसमात बसऱ्याकडून आलेल्या लहान गलबतांपुढे एकच माल लिहिला होता: दगड. दगडाला जकात नव्हती.

"काका, बसऱ्याला दगड मिळतो?"

"बसऱ्याला? सगळी गाळाची जमीन. बकरीला मारायला खडा मिळायचा नाही." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. शुभांगीताई बाहेर गेल्या होत्या. "खजूरच होता तो. मोत्यांचा धंदा बुडालेला, लढाईमुळे तांदूळ येईना. पाणबुडे लोक पोटापुरता खजूर आणायचे. त्यांच्याकडे जकातीला रुपया नसायचा, म्हणजे टोपल्या उतरवून लिलाव करायचा. पोरंबाळं धक्क्यावर उभी राहून बघायची. मी दोन लिलाव केले. तिसऱ्या वेळी दगड लिहिलं."

"त्यांनी काही दिलं?"

"टोपल्या द्यायला यायचे. त्यातला एक जरी तोंडात टाकला असता तर ती लाच झाली असती. म्हणून तेव्हा सोडला, तो सोडलाच."

हे सगळं टेपवर होतं. माझ्या प्रोफेसरांना मात्र मी फक्त नोंदवही दाखवली. ते खूश झाले. खोट्या नोंदी, कारकून आणि नाखवे यांचं संगनमत, लाच: लेख उभा राहत होता. "बाकी काही पुरावा?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. व्हिसा संपत आला होता, नोकरीसाठी एक दणकट लेख हवा होता, आणि भुकेची गोष्ट लेखात घातली असती तर तो दणका उरला नसता. नाव मी घातलं नाही, एवढीच सभ्यता. लेख छापून आला, मला नोकरी लागली.

तो काकांना मी दाखवला नाही. शुभांगीताईंनी लायब्ररीत शोधून काढला आणि कौतुकाने प्रिंट करून घरी नेला. तो कारकून म्हणजे आपले बाबा, हे त्यांना माहीत नव्हतं. मला फोन आला: "बाबा दोन दिवस तेच वाचतायत. येऊन जा."

मी गेलो. ताई चहा ठेवायला उठेपर्यंत काका हवापाण्याचं बोलले. मग कागद उघडला.

"तक्त्यात चूक आहे. टोपलीचं वजन सगळीकडे सारखं धरलंयस. ओला खजूर जड भरतो."

"आणि बाकीचं, काका?" मी विचारलं.

"कागदावर होतं ते तू लिहिलंस. कागद खोटा मी केला. तुला कसा रागावू?" त्यांनी कागदाची घडी नीट घातली. "खोटी नोंद म्हटलंस ते राहू दे, ते खरं आहे. तेवढा लाचेचा शब्द काढता आला तर बघ. शुभा वाचते रे."

"बघतो," मी म्हणालो.

त्यांच्या नजरेत आरोप शोधला; असता तर बरं झालं असतं. असा माणूस मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

२००८च्या मार्चमध्ये काका गेले. अंत्यसंस्कारानंतर शुभांगीताईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुझ्यामुळे बाबांचं काम कुठेतरी छापलं गेलं. फार मोठं केलंस." मी मान हलवली.

लेख छापणाऱ्या नियतकालिकाला चार ओळींची दुरुस्ती पाठवायची आहे, त्यात काकांचं पूर्ण नाव घालायचं आहे, आणि त्याआधी शुभांगीताईंना समोर बसून सांगायचं आहे की तो कारकून कोण होता आणि मी काय लपवलं. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.